घरातील तिसरा पडदा

आमच्या व्यवसायात ‘टॅबलेट’ म्हणजे गोळी. म्हणूनच काही वर्षांपूर्वी तपासणी आटोपल्यावर एका आजोबांनी “डॉक्टर, नातवाला टॅबलेट घ्यावी म्हणतोय, चालेल ना?” असे विचारले, तेव्हा मी “का, ताप आहे का त्याला?” असा उलट प्रश्न केला होता. मग आम्ही दोघेही मनमुराद हसलो. आता तसा घोटाळा होत नाही. पण प्रश्न मात्र वारंवार येतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या खरेदीच्या सुमारास तर हमखास. घरात फोन आहेत, लॅपटॉप आहे. त्यांच्या जोडीला टॅबही घ्यावा का?

हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा की डॉक्टरला, असे कोणी म्हणेल. किमतीपुरता तो दुकानदाराचा आहे खरा. परंतु पैसे एकदाच मोजावे लागतात. डोळे, मान आणि झोप यांची किंमत रोज मोजावी लागते. म्हणून तो माझ्याही कक्षेत येतो, असे मी मानतो. या प्रश्नावर मी दोनदा मन लावून सल्ला दिला आणि दोन्ही वेळा चुकलो. एकदा ‘घ्या’ म्हणून चुकलो, एकदा ‘नको’ म्हणून. त्या दोन चुकांतून जे शिकलो, तेच येथे सांगतो.

पहिला प्रसंग २०२० सालचा. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून वर्ग मोबाइलवर भरू लागले. माझ्याकडे नेहमी येणारे एक कुटुंब होते. वडील मालवाहू टेम्पो चालवीत, आई घरी शिवणकाम करी. मुलगा चौथीत, मुलगी पहिलीत. घरात धड चालणारा फोन एकच, आणि तो सकाळीच वडिलांबरोबर बाहेर पडे. आई विचारायला आली : लहानशा फोनमध्ये पाहून मुलाचे डोळे दुखतात, दुसरा फोन घ्यावा की टॅब? बाहेर तापाचे रुग्ण अंतर राखून उभे होते. मी घाईघाईने म्हणालो, “टॅबच घ्या. पडदा मोठा, अक्षर मोठं, डोळ्यांना बरं.” त्यांनी तो हप्त्यांवर घेतला.

त्या दिवसांपुरता हा सल्ला चुकीचा नव्हता. मुलांचे वर्ग बुडाले नाहीत. पण दोन वर्षांनी, शाळा पूर्ववत सुरू झाल्यानंतर, तीच आई मुलाला घेऊन आली. त्याचे डोके दुखे, सकाळी तो उठत नसे, फळ्यावरचे त्याला दिसत नसे. नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले, तेव्हा दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे दोनच्या आसपास निघाला. विचारपूस केल्यावर उलगडा झाला. शाळा भरू लागली, तरी टॅब परत कपाटात गेलाच नव्हता. रात्री दिवा मालवल्यावर पांघरुणाखाली, नाकापासून वीतभर अंतरावर, त्यावर खेळ चाले. आई म्हणाली, “तुम्हीच म्हणाला होता ना डॉक्टर, मोठा पडदा डोळ्यांना बरा असतो?” तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

त्या मुलाला नंबर केवळ टॅबमुळे लागला, असे मी म्हणणार नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि त्या दोन वर्षांत मुलांचे उन्हात हुंदडणेच थांबले होते. पण माझ्या हातून एक गोष्ट निश्चितच राहिली होती. मी औषध लिहून दिले. ते किती घ्यायचे, कसे घ्यायचे आणि केव्हा थांबवायचे, हे लिहिलेच नव्हते.

दुसरी चूक माझ्या घरातली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निवृत्त मुख्याध्यापक. तेव्हा वय एक्याऐंशी. पहाटेचा चहा झाला की वृत्तपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, अगदी निविदांसह वाचून काढायचे आणि मग एकनाथी भागवताची पोथी उघडायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. हळूहळू वृत्तपत्र घडी न मोडताच कोपऱ्यात पडू लागले. विचारले, तर म्हणत, “हल्ली बातम्यांत काही राम राहिला नाही रे.” मी डॉक्टर असूनही त्या उत्तरावर विश्वास ठेवला. पुढे तपासणीत कळले, की वयोमानाने डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज होत होती. कडेचे सारे दिसे. ज्या शब्दावर नजर रोखावी, नेमका तोच धूसर होई.

माझी धाकटी बहीण म्हणाली, “अण्णांना टॅब घेऊ या.” टेम्पोवाल्याच्या मुलाचा प्रसंग माझ्या मनात ताजा होता. मी ठामपणे म्हणालो, “घरात फोन आहेत, लॅपटॉप आहे. आता हे तिसरं कशाला? मी फोनवरच अक्षर मोठं करून देतो.” तसे करूनही दिले. परंतु त्यांना दिसेल एवढे अक्षर केले, की फोनच्या रुंदीत दोन-तीनच शब्द मावत. वाक्याचा शेवट येईपर्यंत आरंभ पुसला जाई. लॅपटॉपचा पडदा मोठा; पण त्यासाठी टेबलाशी ताठ बसायचे, गुडघे लोंबकळत ठेवायचे आणि थरथरत्या बोटाने तो बाण हलवायचा. दोन दिवसांत त्यांनी दोन्हींचा नाद सोडला आणि ते खिडकीशी नुसते बसून राहू लागले.

बहिणीने माझे ऐकले नाही, हे उपकारच झाले. तिने साडेदहा इंचांचा टॅब आणला. साडेसहा इंचांच्या फोनच्या मानाने त्याच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे तिप्पट भरते आणि उभा धरला तरी ओळ दुप्पट रुंद मिळते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, टपोरी अक्षरे तिने लावून दिली. अण्णांनी आपण होऊन तो पोथीच्या लाकडी चौकटीवर तिरपा ठेवला आणि बोटाने पान सरकवीत अर्धा तास वाचले. मग चष्मा काढून पुसत मला म्हणाले, “अरे, तुला यंत्र दिसत होतं. मला अक्षर दिसत नव्हतं, ते नाही दिसलं.”

येथे एक खुलासा केला पाहिजे. अक्षर मोठे करणे हा दृष्टिदोषावरचा उपचार नव्हे; तो केवळ आधार आहे. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा नजर एकाएकी मंदावली, तर टॅब न घेता थेट नेत्रतज्ज्ञ गाठावेत.

या दोन प्रसंगांनंतर मी यंत्रांकडे पाहण्याचे सोडून ती वापरणाऱ्या शरीराकडे पाहू लागलो. शरीराचे गणित सोपे आहे. वस्तू अर्ध्या मीटरवर असेल, तर ती स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला दोन डायॉप्टरइतका जोर लावावा लागतो. ती पाव मीटरवर आली, की चार. म्हणजे अंतर निम्मे, श्रम दुप्पट. मोठ्या पडद्याचा लाभ एवढाच, की तो दूर ठेवूनही वाचता येतो. तोच टॅब वीतभर अंतरावर धरला, तर डोळ्यांना त्याचा फोनहून अधिक काही उपयोग नाही. मी त्या आईला हे अंतर सांगायला हवे होते, पडद्याची लांबी-रुंदी नव्हे. भर म्हणजे पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते. डोळे चुरचुरतात ते बहुधा त्यामुळे. त्यावर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा साधा नियम पुरेसा उपयोगी पडतो. निळा प्रकाश अडविणाऱ्या महागड्या चष्म्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

मानेचेही तसेच. आपले डोके साधारण साडेचार ते पाच किलोंचे. न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती प्रतिमानाने अंदाज मांडला, की मान साठ अंशांनी झुकली असता मणक्यावरचा भार सुमारे सत्तावीस किलोंवर जातो. तो आकडा अंदाजाचा असला, तरी मांडीवर टॅब घेऊन तासभर वाचणाऱ्यास त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. टॅब मांडीवर ठेवल्यास मान सर्वांत जास्त वाकते आणि टेबलावर उंच, तिरपा ठेवल्यास ती जवळजवळ सरळ राहते, असे हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी २०१२ साली मोजून दाखविले. अण्णांनी पोथीच्या चौकटीवर तो ठेवला, तेव्हा हे संशोधन त्यांना ठाऊक नव्हते. पोथी मांडीवर ठेवू नये, एवढे मात्र ठाऊक होते.

झोपेबाबत मी स्वतःचाच दाखला देतो. वैद्यकीय नियतकालिके वाचण्यासाठी मीही एक टॅब घेतला होता. लॅपटॉप कोणी अंथरुणात नेत नाही आणि फोनवर लांब लेख वाचवत नाही. टॅब मात्र उशीशी अलगद येऊन बसतो. तीन महिन्यांत माझी झोपेची वेळ अकरावरून साडेबारावर गेली. रात्री छापील पुस्तकाऐवजी प्रकाशमान पडद्यावर वाचले असता झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे प्रमाण घटते आणि झोप लागण्यास विलंब होतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात दिसून आले. प्रयोग लहान होता, अवघ्या बारा जणांचा. पण तेराव्याची साक्ष मी देऊ शकतो.

तेव्हा आता कोणी विचारले, की मी गोळी लिहून देताना जे मनाशी विचारतो, तेच त्यांना विचारतो. कोणासाठी? कशासाठी? किती वेळ? आणि केव्हा थांबवायचे?

कोणासाठी, याचे उत्तर ‘घरासाठी’ असे आले, तर मी थांबवतो. सर्वांसाठी घेतलेला टॅब बहुधा सर्वांत धाकट्याच्या हाती जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूरच ठेवण्यास सांगते. परगावच्या आजीशी अधूनमधून समोरासमोर बोलणे तेवढे चालते. जेवण भरविण्यासाठी टॅब हवा असेल, तर तो घेऊ नये. घास गिळला जातो. पण पोट भरल्याची जाणीव आणि भरविणाऱ्याशी होणारा संवाद, दोन्ही हरवतात.

कशासाठी, याची काही खरी उत्तरे आहेत. ज्यांना लांबलचक मजकूर वाचायचा आहे; ज्या विद्यार्थ्यांना लेखणीने पडद्यावर आकृत्या काढीत टिपणे घ्यायची आहेत; ज्यांची नजर अधू झाली आहे; पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे आणि चित्रांवर बोट ठेवून जे ‘पाणी’, ‘दुखते’ असे सांगू शकतात; त्यांच्यासाठी टॅब ही चैन नव्हे. उलट, ज्याला दिवसभर टंकलेखन करायचे आहे, त्याने लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि वेगळा कळफलक जोडावा. टॅबच्या किमतीच्या एका अंशात मान वाचेल. आणि फोनवर जे पाहतो तेच मोठे पाहायचे असेल, तर घरातला दूरचित्रवाणी संच पुरेसा आहे. तो निदान दहा फुटांवर असतो.

किती वेळ, याचे उत्तर यंत्राच्या आधी ठरवावे. यंत्र आल्यावर ते ठरविणे जड जाते. वाढत्या मुलांच्या बाबतीत पडद्याच्या वेळेइतकाच मोकळ्या उजेडातला वेळ मोजावा. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज चाळीस मिनिटे मैदानावर अधिक घालविणाऱ्या मुलांत, तीन वर्षांनी, नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, तर इतर मुलांत ते सुमारे ४० टक्के, असा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. मैदानाला हप्ते भरावे लागत नाहीत.

चौथा प्रश्न मी पूर्वी विचारीत नसे; आता तो सर्वांत आधी विचारतो. टॅब आला की घरातले काय कमी होणार? फोनवरचा वेळ कमी होऊन तो टॅबवर जाणार असेल आणि अंतर वाढणार असेल, तर घ्यावा. काहीच कमी न होता तिसऱ्याची केवळ भर पडणार असेल, तर नको.

त्या मुलाचा नंबर गेला नाही. तसा तो जातही नाही. पण गेल्या वर्षीच्या दोन तपासण्यांत तो वाढलेला नव्हता. आईने माझ्याहून चांगली योजना काढली. रात्री आठ वाजले, की टॅब शिलाई मशीनच्या खणात जातो आणि किल्ली तिच्या मंगळसूत्रात अडकते. माझा टॅब आता दवाखान्यात असतो. रुग्णांना हृदयाच्या झडपांचे चित्र दाखविण्याच्या कामी येतो. घरी मी छापील पुस्तक वाचतो आणि अकराला झोपतो.

अण्णांचा टॅब मात्र पोथीच्या चौकटीवरच असतो. परवा सकाळी त्यांनी मला घाईघाईने हाक मारली. काही त्रास होतो आहे की काय म्हणून धावत गेलो; तर नगरपालिकेच्या एका निविदेतली व्याकरणाची चूक त्यांनी बोट ठेवून मला दाखविली.