चाकांवरचा वाडा

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या बिऱ्हाडात फ्रीज, शेगडी, न्हाणीघर आणि पाय पसरून झोपता येईल असा पलंगही असतो, हे पाहायला मला अमेरिकेत जावं लागलं. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. आपल्या यष्टीएवढी गाडी आणि आत अख्खा संसार. हा विंचू मुक्कामाला जिथे उतरतो ते आरव्ही पार्क. पार्क म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घसरगुंडी आणि भेळेची गाडी आली होती. प्रत्यक्षात आखलेल्या चौकोनांत ओळीनं गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येक चौकोनात तीन सोयी असतात: पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि सांडपाण्यासाठी जमिनीत एक तोंड. गाडी उभी राहिली की यजमान खाली उतरून या तिन्ही जोडण्या करतात. तिसरी करताना ते हातमोजे घालतात आणि त्या वेळी त्यांच्याशी गप्पा मारायला कोणी जात नाही.

आमची अक्का अशाच एका पार्कात हिवाळ्याचे पाच महिने राहते. अॅरिझोना राज्यात, मेसा गावी. चाळीस वर्षं मिनेसोटातलं बर्फ उपसल्यावर मेहुण्यांनी निवृत्त होताच अशी गाडी घेतली, दोघं देशभर हिंडली आणि शेवटी मेसाला त्यांनी एक ‘पार्क मॉडेल’ घेतलं. म्हणजे चाकं आहेत, पण ती वापरायची नाहीत. घर आपलं, खालची जागा भाड्याची. हे घर 400 चौरस फुटांच्या आत असावं लागतं. अक्कानं हे अगदी दिलगिरीच्या सुरात सांगितलं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही सात माणसं याच्या निम्म्या जागेत वाढलो, आणि त्यातही पाहुणे उतरत.

दोन वर्षांपूर्वी मेहुणे गेले. गाडी विकली, पण मेसाचं घर अक्का सोडीना. भाचा शिकागोला असतो. त्याचं म्हणणं, शहात्तर वर्षांच्या बाईनं एकटीनं तिथे राहायचं कशाला? त्याच्या घरी तिच्यासाठी खोली आहे, खोलीला लागून न्हाणीघर आहे. रात्रीबेरात्री काही झालं तर? म्हणणं चूक नव्हतं. “मामा, तुझं ती ऐकते,” असं सांगून त्यानं आम्हा उभयतांना मेसाला धाडलं. अक्कानं माझं शेवटचं कधी ऐकलं होतं हे मला आठवत नाही. पण तिकीट भाच्यानं काढलं होतं.

मेसाला जानेवारीत दुपारी वीसेक अंश तापमान असतं. म्हणून थंडी पडली की कॅनडातून आणि उत्तरेकडच्या राज्यांतून म्हाताऱ्यांचे थवे इकडे उतरतात. त्यांना ‘स्नोबर्ड’च म्हणतात. भिगवणला रोहित पक्षी येतात तसंच, फक्त हे एका पायावर उभे राहत नाहीत. काही जण गुडघ्यांमुळे, बाकीचे वेळ नसल्यामुळे. हो, वेळ नसतो! हे पार्क पंचावन्नच्या पुढच्यांचं. दर शंभरातल्या निदान ऐंशी बिऱ्हाडांत पंचावन्न ओलांडलेलं एक तरी माणूस पाहिजे, असा 1995 चा कायदा आहे. तिथे मला अडुसष्टाव्या वर्षी ‘यंग मॅन’ म्हणत आणि जड वस्तू उचलायला बोलावत.

ऑफिसबाहेर आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं होतं. ते वाचूनच मला धाप लागली. सकाळी आठला तलावात पाण्यातले व्यायाम, नऊला गोधड्या शिवणं, सुतारकाम, दगडांना पैलू पाडणं, दुपारी पत्ते, संध्याकाळी ओळीनं उभं राहून नाचणं. शनिवारी सकाळी सगळ्यांना पॅनकेक. हॉलच्या कोपऱ्यात हजार तुकड्यांचं एक कोडं कायम मांडलेलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं दोन तुकडे लावून पुढे जावं. कपडे धुण्याच्या खोलीत वाचून झालेल्या पुस्तकांचं कपाट, आणि यंत्रावर ‘यात घोड्यांची पांघरुणं धुऊ नयेत’ अशी पाटी. ही पाटी लिहिणाऱ्याचं आजोळ नक्की नारायण पेठेत असणार.

खेळांत मात्र मी मागे हटलो नाही. सध्या तिकडे पिकलबॉलचं वेड आहे. टेबलटेनिसच्या थोराड बॅटीनं प्लॅस्टिकचा भोकाभोकांचा चेंडू मारायचा. हा खेळ 1965 साली सिअॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर निघाला. घरच्या अंगणात बॅडमिंटनचं मैदान होतं, बॅडमिंटनचं सामान मिळेना, तेव्हा जे हाताला लागलं त्यावर भागवलं. मैदान अजूनही बॅडमिंटनचंच, वीस बाय चव्वेचाळीस फूट. आता बॅडमिंटनचे नियम 1870 च्या दशकात कुठे लिहिले गेले? तर पुण्यात, गोऱ्या साहेबांच्या छावणीत. त्या खेळाला ते ‘पूना’च म्हणत. म्हणजे ओघानं पिकलबॉल आमचाच. हे मी नेटपलीकडच्या सास्कॅचेवानच्या शेतकऱ्याला समजावून सांगत असताना त्यानं पाच गुण घेतले.

दुसरा खेळ शफलबोर्ड. हा जहाजांच्या डेकवरचा. 1913 साली फ्लोरिडात डेटोना बीचवर जमिनीवर उतरला. लांब काठीनं चकती ढकलायची. गंमत अशी, की शफलबोर्डात जिथे चकती गेली की दहा गुण कापतात त्या जागेला ‘किचन’ म्हणतात, आणि पिकलबॉलमध्ये नेटजवळच्या ज्या सात फुटांत उभं राहून चेंडू अधांतरी मारता येत नाही, तेही ‘किचन’च. “म्हणजे पुरुषांनी तिथे पाऊल ठेवलं की नुकसान, हे यांनाही कळलंय,” असं आमची ही म्हणाली. मी वाद घातला नाही.

रविवारी पॉटलक असतो, म्हणजे आपली अंगतपंगत. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. मिनेसोटाच्या बायका हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घालून आणतात आणि त्याला कोशिंबीर म्हणतात. अक्का साबुदाण्याची खिचडी नेते, वर ‘यात शेंगदाणे आहेत’ अशी चिठ्ठी खोचून, कारण एखाद्याला दाण्यांनी थेट इस्पितळ गाठावं लागतं. आणि रोज चार वाजता, ज्याची त्याची घडीची खुर्ची आणि ज्याचा त्याचा पेला घेऊन सगळे रस्त्यातच गोल करून बसतात. अक्काच्या पेल्यात कोकम सरबत असतं. रंग वाइनचा असल्यामुळे कोणी चौकशी करत नाही.

हे सगळं ठीक. पण मी कामगिरीवर आलो होतो. तिसऱ्या दिवशी मी विषय काढला. अक्का गोधडीचे तुकडे जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, “हे गेले त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात मी इथे आले आणि आठ दिवस दार लावून बसले. कोणी भेटायला आलं असतं तर मी उघडलं नसतं. नवव्या दिवशी शेजारची आली. म्हणाली, गुरुवारी बिंगोचे आकडे वाचायला माणूस नाही, तुझा आवाज खणखणीत आहे, चल. सांत्वन नाही, काही नाही. काम आहे म्हटल्यावर जावं लागलं.”

लग्नापूर्वी अक्का हुजूरपागेजवळ राहणाऱ्या मुलींच्या शिकवण्या घेत असे. गुरुवारी मी तिला ऐकलं. ‘बी सात’ असं ती ज्या जरबेनं म्हणाली, त्यानं दोनशे अमेरिकन ताठ बसले. मागे कुजबुजणाऱ्या एका आजोबांना तिनं आकडा अर्धवट थांबवून पाहिलं. ते गप्प झाले. मीही झालो.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. आदल्या रात्री जुन्या आठवणी काढत आम्ही दोन वाजेपर्यंत जागलो होतो. सकाळी दारावर थापा. मी लुंगीवर दार उघडलं तर बाहेर चार माणसं. शेजारीण, सास्कॅचेवानवाले, चाकाची खुर्ची घेतलेल्या एक बाई आणि हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला पार्कचा माणूस. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. भानगड अशी, की इथे एकटी राहणारी माणसं सकाळी आठच्या आत स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा वर करतात. पडदा वर, म्हणजे माणूस उठलं. अक्काचा पडदा खाली होता.

“घरात पाहुणे आहेत हे त्यांना ठाऊक होतं की,” मी नंतर अक्काला म्हटलं.

“पाहुण्यांचा काय भरवसा?” अक्का म्हणाली.

आमची ही चहा टाकता टाकता हळूच म्हणाली, “वन्सं, शिकागोला सगळी कामावर जातात किती वाजता?”

“साडेसातला. येतात सहाला. शेजारी कोण राहतं ते त्यांना माहीत नाही. मुलगा गुणी आहे गं माझा. उन्हाळ्यात जातेच की मी त्याच्याकडे.”

चौघांनाही चहा दिला. पडदा सास्कॅचेवानवाल्यांनी स्वतः वर केला.

रात्री भाच्याचा फोन आला. मी त्याला पडद्याचं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “आणि मामा, पडदा वर आहे आणि ती आत पडली आहे, असं झालं तर?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न अक्काला विचारला. ती म्हणाली, “मग चारच्या चहाला माझी खुर्ची रिकामी दिसेल. त्याला म्हणावं, तुझ्या घरी सहा वाजले असते.”

मग तिनं कपाटातून चेकबुक काढलं, पुढच्या हिवाळ्याच्या जागेच्या भाड्याचा चेक लिहिला आणि माझ्या हातात दिला. “ऑफिसात नेऊन दे. साडेचारला बंद होतं.”

वाटेत शफलबोर्डला चौथा गडी हवा म्हणून दोघांनी मला हाक मारली. मी लांबूनच हात हलवला आणि चालत राहिलो. ऑफिसात पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.