झोप मागून येते!

लांबच्या विमानप्रवासात माणूस दोनदा पोहोचतो. आधी सामानासह देह पोहोचतो आणि चार-आठ दिवसांनी मागून झोप येते. २०२४ च्या ऑक्टोबरात मी शिकागोला गेलो, तेव्हा याचा पुरता प्रत्यय आला.

काम नाजूक होते. आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीतले ओतीव भाग तिथला एक कारखानदार वर्षभर घेणार की नाही, हे ठरायचे होते. साठ कामगारांची दिवाळी त्या होकारावर अवलंबून होती.

एक रात्र महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये गेली, दुसरी विमानात. फ्रँकफुर्टला उतरलो तेव्हा तिथे सकाळ होती. आसपासच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणे बंद असतात. शेजाऱ्यांच्या झोपेची इतकी काळजी घेणाऱ्या त्या जागी मी मात्र तीन तास खुर्चीत ताटकळत होतो!

पुढचे साडेनऊ तास विमान सूर्याच्या मागे धावले. खिडकीबाहेरचा दिवस काही केल्या मावळेना. शिकागोच्या घड्याळात दुपारचा दीड वाजला होता. माझ्या मनगटावर रात्रीचे बारा!

गंमत अशी, की अमेरिकेच्या घड्याळांना शिस्त लावली ती याच शहरात. रेल्वे कंपन्यांनी १८८३ च्या ऑक्टोबरात इथे जमून प्रमाणवेळ ठरवली आणि १८ नोव्हेंबरला ती सुरू झाली. आपल्याकडे ती १९०६ साली आली, पण मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. मुंबईकरांचा तो हट्ट मला त्या दिवशी पटला. भिंतीवरचे काटे ठरावाने फिरतात, देहाचे नव्हे. मेंदूतला पेशींचा एक इवलासा पुंजका हे घड्याळ चालवतो. तो डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाचेच ऐकतो आणि दिवसाला साधारण तासभर सरकतो.

बैठक त्याच दिवशी चारला होती; म्हणजे माझ्या देहाचे रात्रीचे अडीच. त्या वेळी दराची घासाघीस करणे म्हणजे झोपेत सही करणे. मी सरळ विनंती केली, "उद्या सकाळी नऊला बोलू." पलीकडचे वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, "जरूर. मी शांघायला असाच पेंगत एक करार करून आलो आहे!"

सकाळचे नऊ म्हणजे कोल्हापुरातले संध्याकाळचे साडेसात. आधी घरी फोन केला. "देवापाशी दिवा लावलाय. आवाज ताजा वाटतो हो आज!" सौ. म्हणाली. बोलणी दोन तास चालली. दर थोडा उतरवावा लागला, पण वर्षाचे काम मिळाले.

पूर्वेकडचा परतीचा प्रवास देहाला अधिक छळतो, असे म्हणतात. ते खरे आहे. नरकचतुर्दशीला पहिल्या आंघोळीसाठी घरात सर्वांच्या आधी मी हजर होतो. मुलांना केवढे कौतुक वाटले! त्यांना काय ठाऊक, मी उठलो नव्हतोच. मुळात झोपलोच नव्हतो.