तार तुटली तरी चार डिग्री

ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्य तसं चमत्कारिक असतं. वेबसाइट करणारे मित्र घरच्यांना पडद्यावर काहीतरी दाखवू शकतात. आपण काय दाखवणार? "हे बघ आई, या चिपमधून दोन बाइट आले!" आई म्हणते, "बरं झालं बाबा, आता जेवून घे." :-)

गंमत सोडा, पण त्या दोन बाइटांबद्दलच आज लिहायचं आहे. म्हणजे खरं तर ते येत नाहीत तेव्हा काय होतं, त्याबद्दल.

कॉलेजात हार्डवेअर शिकताना आपल्या मनात एक चित्र पक्कं बसतं. रजिस्टरमध्ये लिहा, चिप काम करते. रजिस्टर वाचा, चिप उत्तर देते. मॅन्युअलमधली उदाहरणंही अशीच असतात, पाच ओळींची, सुटसुटीत. त्यात कनेक्टर कधी गंजत नाही, उंदीर वायर कुरतडत नाही, वीज अर्धवट जात नाही. मग तीच पाच ओळींची उदाहरणं उचलून लोक ड्रायव्हर लिहितात आणि तो ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालतो सुद्धा. म्हणजे चालतो असं वाटतं.

लिनक्स कर्नलमध्ये रिवाज साधा आहे. फंक्शनने शून्य परत दिलं तर काम झालं, ऋण संख्या दिली तर काहीतरी बिघडलं. कुठे ऋण पाच, कुठे ऋण एकशे दहा. प्रत्येक आकड्याला अर्थ आहे. फक्त तो घेणाऱ्याने घ्यायला हवा. सी भाषेत फंक्शनचं उत्तर न घेताच पुढे जाता येतं आणि कंपायलर एरवी हूं की चूं करत नाही. म्हणून कर्नलवाल्यांनी महत्त्वाच्या फंक्शनांवर 'मस्ट चेक' अशी खूण करायची सोय केली. उत्तर टाकून दिलंत तर कंपायलर इशारा देतो. यावर आपल्या लोकांनी काय करावं? उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि त्या व्हेरिएबलकडे पुन्हा ढुंकूनही बघायचं नाही. इशारा गप्प, सगळे खूश!

आता एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक बोर्ड आला होता. गावातल्या दूध संस्थेच्या बल्क कूलरवर बसवलेला. त्यातला तापमानाचा सेन्सर आयटूसी बसवर होता आणि त्याचा ड्रायव्हर बोर्ड पुरवणाऱ्यांनी तयार दिला होता. तक्रार अशी की एका रात्रीत हजारेक लिटर दूध नासलं. सकाळी टँकर आला, नमुना उकळून बघितला, तर फाटला. आणि पडद्यावर मात्र त्या वेळीही ४.० डिग्री दिसत होतं!

कोड वाचायचं काम माझ्याकडे आलं. आयटूसी कसं चालतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही शाळेतली हजेरी आहे. मास्तर पत्ता पुकारतो आणि ज्याचा पत्ता असेल त्याने तार खाली ओढून 'ओ' द्यायची. कोणी ओ दिली नाही तर तसं कळवणारा एरर कोड मिळतो. म्हणजे हार्डवेअर आपलं काम चोख करतं. या ड्रायव्हरमध्ये वाचणारं फंक्शन बोलावलं होतं, पण त्याचं उत्तर घेतलंच नव्हतं. पुढच्या ओळीत बफरमधले दोन बाइट उचलून त्यांचं तापमान केलं होतं. आणि तो बफर होता कायमचा, डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमधला. त्यामुळे नवीन काही आलं नाही की त्यात जुनंच राहायचं. गैरहजर मुलाची कालचीच हजेरी आज पुन्हा लावल्यासारखं.

मग सगळा उलगडा झाला. सकाळचं दूध टाकीत थंड होऊन ४ डिग्रीला आलं होतं. दुपारी कधीतरी सेन्सरची तार कनेक्टरमधून सुटली. संध्याकाळी धारेचं कोमट दूध त्यात पडलं. कंट्रोलरने तापमान विचारलं, ड्रायव्हर म्हणाला चार. चार आहे म्हटल्यावर कॉम्प्रेसर कशाला चालू होईल? रात्रभर झाला नाही. सेन्सर खोटं बोलत नव्हता हो, तो बोलतच नव्हता. त्याच्या नावाने ड्रायव्हर बोलत होता.

संस्थेचे सेक्रेटरी फोनवर एवढंच म्हणाले, "साहेब, बिघडलं होतं तर सांगायचं ना त्यानं! आम्ही बर्फ तरी टाकला असता."

एरर हँडलिंगवर मी बरंच वाचलं आहे, पण यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. दुरुस्त करायची अपेक्षा त्यांनी केलीच नव्हती. सांग, एवढंच. त्या रात्रीचं नुकसान शेवटी ज्यांच्या दोन-चार म्हशी आहेत अशा लोकांच्या बिलातून गेलं.

हा एका पुरवठादाराचा आळशीपणा म्हणून सोडून देता येईल. पण तसं नाहीये. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड प्रोग्रामने तपासला होता. काही प्रकारच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरमध्ये बाकीच्या कर्नलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत निघालं. पुढे २००८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींनी लिनक्स २.६ मधल्या सगळ्या फाइल सिस्टिम आणि साठवणुकीचे तीन मोठे ड्रायव्हर घेऊन एरर कोड कुठे गळतात ते शोधलं. ११५३ ठिकाणी, म्हणजे सुमारे १३ टक्के कॉल्समध्ये, एरर कोड टाकून दिलेला होता. वाचण्यापेक्षा लिहिण्यातल्या एरर जास्त दुर्लक्षित! आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे, यातल्या बऱ्याच गोष्टी नजरचुकीच्या नसून कदाचित जाणूनबुजून केलेल्या असाव्यात असं त्यांचं मत पडलं. कळून सोडून दिलेलं.

२००९ मध्ये त्याच विद्यापीठातून 'कार्ब्युरायझर' नावाचं साधन आलं. हार्डवेअरवर आंधळा विश्वास टाकणाऱ्या जागा ते शोधायचं. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये जवळजवळ १००० निघाल्या.

आंधळा विश्वास म्हणजे कसा, ते बघा. पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड मेलं किंवा निघालं, तर त्याचं रजिस्टर वाचल्यावर सहसा सगळे बिट १ मिळतात. आता ड्रायव्हर 'तयार' बिट १ व्हायची वाट बघत असेल, तर त्याला वाटतं वा, कार्ड तयार! आणि 'व्यस्त' बिट ० व्हायची वाट बघत असेल, तर तो जन्मभर वाट बघत बसतो. एकच मेलेलं कार्ड, एका ड्रायव्हरला जिवंत वाटतं आणि दुसऱ्याला लटकवून ठेवतं. उपाय काय? वाट बघायला मुदत घाला आणि सगळे १ आले तर आधी कार्ड आहे का ते बघा.

दुसरं असं की तपासणं म्हणजे काय तपासणं, हेही नीट बघावं लागतं. आयटूसीचं ट्रान्स्फर फंक्शन यश मिळाल्यावर शून्य देत नाही, किती संदेश पार पडले तो आकडा देतं. दोन पाठवले आणि एक आला तर ती ऋण संख्या नाही, पण यशही नाही. काही फंक्शन पॉइंटर देतात आणि त्या पॉइंटरमध्येच एरर लपवलेली असते. तिथे नुसतं 'नल आहे का' विचारलं तर उत्तर 'नाही' येतं, आणि पुढच्या ओळीला कर्नल आडवा.

पण एरर पकडून करायचं काय, असा प्रश्न ज्युनियर मुलं नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की ड्रायव्हरने शहाणपणा करू नये. एकदोनदा पुन्हा प्रयत्न करावा, घेतलेल्या गोष्टी उलट क्रमाने परत कराव्यात आणि एरर जशीच्या तशी वर द्यावी. त्यासाठी कर्नलमध्ये 'गोटू' वापरतात. पुस्तकं त्याला कितीही नावं ठेवोत, मांडव उतरवताना शेवटी लावलेलं आधी काढायचं, एवढाच त्याचा अर्थ. पुढचं धोरण वरच्याने ठरवावं. त्या कूलरमध्ये आम्ही शेवटी तेच केलं. ड्रायव्हर एरर वर देतो, पडद्यावर आकड्याऐवजी दोन रेघा येतात, भोंगा वाजतो आणि कॉम्प्रेसर घड्याळाच्या ठराविक वेळेने चालू-बंद होतो. दूध अगदी चार डिग्रीला राहीलच असं नाही, पण माणूस जागा होतो.

'माहीत नाही' म्हणायला आपल्याला लहानपणापासून लाज वाटते. वर्गात मास्तरांनी विचारलं की काहीतरी ठोकून द्यायचं. कोडमध्येही तीच सवय उतरते, शेवटचा आकडा, नाहीतर शून्य, नाहीतर २५ डिग्री, काहीतरी द्यायचंच! पण जुना आकडा नवा म्हणून देणं हे गप्प बसण्यापेक्षा वाईट आहे. गप्प बसलेल्याला माणूस निदान हलवून तरी बघतो.

असो. हार्डवेअरवाल्या मित्रांनो, सोमवारी ऑफिसात गेलात की एक करा. बोर्ड चालू असताना सेन्सरची तार काढा आणि पडद्याकडे बघत बसा. तार काढता येत नसेल तर कर्नलमध्येच मुद्दाम बिघाड घडवायची सोय आहे, २००७ साली आलेल्या २.६.२० पासून. मेमरी मागितली की मधूनच नकार मिळतो, मग तुमच्या कोडचे कधीच न चाललेले कोपरे चालायला लागतात. पाच मिनिटांचं काम आहे. आकडा तसाच राहिला, तर चहा नंतर प्या. आधी ती ओळ शोधा.