आईचा आवाज आणि स्पीकर

तुम्ही म्हणाल, घर सांभाळून चार शिकवण्या करणाऱ्या बाईनं या तारांच्या भानगडीत पडावंच कशाला? ऐका तर खरं!

आमच्या ह्यांनी घरच्या लॅपटॉपसाठी डॉक आणला. दिसायला कंपासपेटीएवढा. मोठा पडदा, कीबोर्ड, माऊस, सगळ्यांच्या तारा त्याच्या पाठीत, आणि लॅपटॉपला जोडायची ती एकच तार. टेबल कसं मोकळं झालं! स्पीकरही त्यालाच लावले, कारण सासूबाईंना सकाळी अभंग हवेत.

एका दुपारी मी आईशी व्हिडिओवर बोलायला बसले. सासूबाई मागं पलंगावर आडव्या झालेल्या. त्यांची झोप मोडू नये म्हणून हेडफोनची पिन लॅपटॉपच्या कडेला खुपसली. आवाज जरा लांबून येतोय असं वाटलं, म्हणून मी तो आणखी वाढवला. आणि आईनं नेमकं तेव्हाच विचारलं, "काय गं, शिकवणीचे पैसे अजून सगळेच्या सगळे सासूबाईंच्या हातात देतेस? थोडे बाजूला ठेवत जा बाई!"

हेडफोन काढला, तर आई स्पीकरमधून अख्ख्या खोलीत बोलत होती!

सासूबाई उठून देवघरात गेल्या. रात्रीची जेवणं मुकाट्यानं झाली. ह्यांना विचारलं, तर "सेटिंग बघ" एवढंच उत्तर. मग बसले मीच.

गंमत अशी, की डॉकला आवाजाची स्वतःची वेगळी सोय असते. लॅपटॉपची वाट निराळी, डॉकची निराळी, आणि कधीकधी मोठ्या पडद्याचीही तिसरी. डॉकची तार लावली की आवाज बहुधा तिकडेच वळतो. लॅपटॉपमध्ये हेडफोन घातला, तर लॅपटॉपचे आपले स्पीकर गप्प होतात. डॉकच्या स्पीकरना त्याचं काय! विंडोज ११ असेल, तर खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारा, आवाजाच्या पट्टीशेजारच्या खुणेवर आणखी एक. यादी उघडते. 'यूएसबी ऑडिओ' असं काही नाव दिसलं, तर तो बहुधा डॉक. चुकून पडद्याचं नाव निवडलं आणि त्यात स्पीकरच नसले, की सगळं मुकं! मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ही निवड वेगळी असू शकते, तिथंही बघायचं.

दुकानदारानं एका पिनेचे दोन फाटे करणारी तार दाखवली होती. ती मी घेतली नाही. तिच्यानं दोन्हीकडे एकदमच आवाज जातो, म्हणजे माझी पुन्हा तीच फजिती. त्यापेक्षा स्पीकर डॉकला, हेडफोन लॅपटॉपला, आणि बोलण्याआधी यादीत एकदा डोकावायचं. (या पिनेची थोरली बहीण एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिथं बसलेल्या मुली ती खुपसून लोकांची बोलणी जोडून देत. त्यांच्याही कानावर काय काय पडलं असेल!)

एक तारखेला नेहमीप्रमाणे पाकीट सासूबाईंपुढं ठेवलं. त्यांनी नोटा मोजल्या, निम्म्या माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाल्या, "आईला कळव, मला अगदी स्पष्ट ऐकू आलं."