हातांचा नमुना

२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली, तेव्हा निफाडकडच्या आमच्या घरात सुतक आल्यासारखे झाले. पुढे घडांचे नमुने आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासून घेतले. मण्यांवरची पांढुरकी साय पुसली जाऊ नये म्हणून तोडणीच्या बायांना घड देठाशी धरायला बजावले. त्यांचे हात मात्र दिवसभर पानांत. पानांवरून सुटणारे औषध दर चौरस सेंटिमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजता येते. हात धुतलेल्या पाण्यात, अंगावर लावलेल्या कापडी पट्ट्यांत, लघवीतही त्याचा माग लागतो, हे आम्ही पुष्कळ उशिरा वाचले. दुपारी बांधावर त्याच हातांनी भाकरी मोडली जाई. त्या हातांचा नमुना खरेदीदाराने मागितला नाही. आम्हीही घेतला नाही.