जर्नलातलं 9.37

जर्नलच्या त्या पानावरची लाल रेघ आठवली की अजून डोकं फिरतं. बीएस्सीचं पहिलं वर्ष, 'जी' म्हणजे गुरुत्वीय त्वरण काढायचं प्रॅक्टिकल. मांडणी नेहमीचीच: स्टँडवर इलेक्ट्रोमॅग्नेट, त्याला चिकटलेली पोलादी गोळी, खाली गोळी आदळायची पट्टी. प्रवाह तोडला की घड्याळ सुरू, पट्टीवर ठक्क झालं की बंद.

एक मीटरवरून पडायला 0.452 सेकंद लागायला हवेत. माझ्या घड्याळात 0.462 येत होते. सूत्रात घातलं की 'जी' 9.37. अर्ध्या मीटरवरून तर 9.22. सर म्हणाले, "9.8 यायला पाहिजे, परत कर." परत केलं, आकडा हलेना. शेजारच्या टेबलांवर 9.8 धरून उलटं गणित चाललं होतं. उत्तरावरून वेळ काढायची आणि रीडिंगच्या रकान्यात भरायची. त्या जर्नलांवर सह्या झाल्या. मी घड्याळात दिसलं तेच लिहिलं होतं. माझं पान खोडलं गेलं.

गुण गेले त्याचं फारसं काही वाटत नाही. पण उंची कमी केली की 'जी' आणखी घसरतो, हे माझ्या तक्त्यात ढळढळीत दिसत होतं आणि तिकडे कुणी पाहिलंच नाही! प्रवाह तोडला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, त्यामुळे गोळी जरा उशिरा सुटते. हा उशीर दर वेळी साधारण सारखाच, सेकंदाचा शंभरावा भाग. पडायचा वेळ जितका कमी, तितका तो जास्त बाधतो. उंचीचं वर्गमूळ आणि वेळ यांचा आलेख काढला तर सरळ रेषा येते, फक्त ती शून्यातून जात नाही. वेळेच्या अक्षावर ती जिथे टेकते, तो झाला उशीर. आणि तिच्या चढावरून 'जी' काढला तर येतो 9.8. म्हणजे खोडलेल्या त्याच आकड्यांत बरोबर उत्तर होतं. उलट्या गणितातून आलेल्या आकड्यांत काय सापडणार?

आता मीही प्रॅक्टिकल घेते. एकीकडे बॅच, दुसरीकडे सर्टिफाय करायच्या जर्नलांचा ढीग आणि तास संपत आलेला. अशा वेळी त्या सरांवर पूर्वीसारखा राग धरवत नाही. तरी ती रेघ चुकीचीच होती. इलेक्ट्रोमॅग्नेट आणि गोळी यांच्यामध्ये कागदाचा कपटा ठेवा, प्रवाह गोळी जेमतेम धरेल इतकाच ठेवा, उशीर बराच कमी होतो. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात.

आणि 9.8 तरी सगळीकडे कुठे असतो? विषुववृत्तावर 9.78, ध्रुवांवर 9.83.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: उत्तर बघण्याआधी मुलांकडून आलेख काढून घ्या, आणि गुण त्यांनी प्रत्यक्ष घेतलेल्या रीडिंगला द्या.