कापड तुडवणाऱ्यांची आडनावे

वॉकर, फुलर आणि टकर ही तीन इंग्रजी आडनावे एकाच धंद्यातली आहेत. वॉकर म्हणजे चालणारा, असे कुणालाही वाटेल. पण हा चालायचा एका जागी, कुंडात, आणि त्याच्या पायांखाली असायचे ओले लोकरी कापड. मध्ययुगीन इंग्लंडच्या करयाद्यांमधली आणि जहागिरीच्या दप्तरांतली आडनावे हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यात नाना तऱ्हेची नावे भेटतात, तरी माझा जीव जडला आहे तो या तिघांवर.

मागावरून उतरलेले लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असते. लोकरीची मूळची चरबी असतेच, त्यात सूत कातताना लावलेल्या तेलाची भर. असे कापड कुंडात टाकून त्यावर शिळे मूत्र ओतत. मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. शिवाय तेल शोषणारी माती घालत. आपल्याकडे तोंडाला लेप द्यायला मुलतानी माती आणतात, तिला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, ते याच फुलरमुळे. उघड्या पायांनी तासन्‌तास तुडवल्यावर तंतू एकमेकांत गुंतत, कापड आटून दाट होई आणि थंडीवाऱ्याला दाद देईनासे होई. मग ते धुऊन, लांब चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवत. त्या कुंडाजवळचा वास कसा असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पण इंग्लंडचे ज्या लोकरी कापडावर नाव झाले, ते या पायांशिवाय अंगावर घालण्याजोगे झालेच नसते.

बाराव्या शतकात हे काम पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे करू लागले. ११८५ साली टेम्पलर योद्ध्यांच्या इंग्लंडमधील मालमत्तेची मोजदाद झाली, तीत यॉर्कशर आणि ग्लॉस्टरशरमधल्या अशा चक्क्यांची नोंद आहे. पुढच्या शतकात त्या ठिकठिकाणच्या ओढ्यांवर उभ्या राहिल्या. इतिहासकार एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ साली या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटले. मला ते जरा जास्त वाटते, कारण शहरांतले पायांनी तुडवणे काही एका झटक्यात थांबले नव्हते. तरी एक गोष्ट खरी, की आडनावे रुजली ती साधारण याच दोन-अडीचशे वर्षांत. त्यामुळे कित्येक वॉकर चक्कीवाले असणार, पायांनी तुडवणारे नव्हेत. उत्तरेकडे त्या चक्कीलाही ‘वॉक मिल’ आणि नैर्ऋत्येकडे ‘टकिंग मिल’ असेच म्हणत.

मला या तिघांचे मोल वाटते ते इथे. वॉकर प्रामुख्याने उत्तरेचा, यॉर्कशर-लँकेशरकडचा. फुलर आग्नेयेचा, ससेक्स-केंटपासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचा. टकर डेव्हन-सॉमरसेटचा, एक्झिटर शहरात या कारागिरांच्या संघाचे १४७१ चे ‘टकर्स हॉल’ आजही उभे आहे. कारकून लॅटिनमध्ये लिहीत आणि धंद्यापुढे सरसकट ‘फुल्लो’ असा शब्द टाकत. त्या शब्दामागे गावचा माणूस काय बोलत होता, हे झाकले जाते. ते कळते आडनावावरून. ही नावे राजाने किंवा धर्मगुरूने दिली नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हाक मारता मारता ती चिकटवली आणि कारकुनाला शेवटी ती तशीच उतरवून घ्यावी लागली.

१३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या मी पुन्हा पुन्हा उघडतो. साध्या कुटुंबाला चार पेन्स कर होता, कारागिराला सहा किंवा त्याहून जास्त. म्हणून अनेकांच्या नावापुढे धंदाही लिहिलेला असतो. कधी आडनाव एका धंद्याचे आणि पुढे लिहिलेला धंदा दुसराच. असे दिसले, की नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागले आहे हे ओळखावे.

सगळे कुलकर्णी एका घराण्यातले नसतात, तसेच सगळे वॉकरही नाहीत. जिथे कापड विणले जाई तिथे हे नाव स्वतंत्रपणे पडले. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस आडनावांच्या सोळाशेहून अधिक पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. एका गावावरून पडलेल्या अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेकांचा पूर्वज एकच निघाला, स्मिथसारख्या धंद्याच्या आडनावात मात्र असा मेळ बसला नाही. म्हणून ‘वॉकर घराण्याचे मानचिन्ह’ म्हणून जे चौकटीत घालून विकतात, ते पाहून मला वाईट वाटते. इंग्लंडमध्ये मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला नाही. पूर्वज शोधणाऱ्याने त्यापेक्षा १८८१ च्या जनगणनेवरून काढलेले आडनावांचे नकाशे पाहावेत. तोवर रेल्वे येऊन अर्धशतक झाले होते, माणसे कामासाठी शहरांकडे लोटली होती. तरीही टकर सर्वांत दाट सापडतात ते डेव्हन आणि सॉमरसेटच्या आसपासच.